देवाचा मार्ग कळेपर्यंत प्रार्थनेत थांबणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवरची नोकरी धरावी का, पोर्तुगीज पासपोर्ट करावा का, गावचं घर विकावं का, आलेलं स्थळ स्वीकारावं का, धर्मगुरू किंवा सिस्टर व्हावं का: गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत देवाकडे वाट विचारली जाते ती बहुधा अशा प्रश्नांवर. खालची उत्तरं कॅथलिक परंपरेतली आहेत आणि त्यांचा मुख्य आधार आहे येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची निर्णयाची पद्धत. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. आजही रिट्रीटमध्ये, म्हणजे काही दिवसांच्या एकांतातल्या साधनेत, तीच पद्धत शिकवतात.

प्रार्थनेत थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १ उघडा. येशूने शिष्यांना यरुशलेम सोडू नका, वाट पाहा असं सांगितलं. ते माडीवरच्या खोलीत जमले आणि एकचित्ताने प्रार्थना करत राहिले. त्याच दिवसांत सुमारे १२० जणांच्या मेळाव्यात, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या रिकाम्या जागेचा विषय निघाला आणि मत्थियाची निवड झाली. म्हणजे वाट पाहत असताना हातातलं काम थांबलं नव्हतं. (येशूचं स्वर्गारोहण चाळिसाव्या दिवशी आणि पवित्र आत्मा आला पन्नासाव्या. आपल्या नोवेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नऊ दिवसांचं मूळ या मधल्या दिवसांत सांगितलं जातं.)

तुमचंही तसंच. कंपनीची माहिती काढा, कराराची कलमं वाचा, घराचे कागद तपासा, डॉक्टरांना विचारा आणि त्याच वेळी रोज ठरावीक वेळ प्रार्थनेला बसा. ‘देव दाखवेल’ म्हणून अर्जच भरला नाही, तर त्याला वाट पाहणं म्हणता येत नाही.

कोणत्या गोष्टींसाठी असं थांबायची गरज नाही?

इग्नेशियस यांची अट स्पष्ट आहे: निवडीतले दोन्ही पर्याय चांगले किंवा निदान निर्दोष असायला हवेत. भावाचा हिस्सा द्यावा का, उसने घेतलेले पैसे फेडावेत का, लाच द्यावी का, यांची उत्तरं दहा आज्ञांत आधीच आहेत. ज्यांचं वैध लग्न झालंय किंवा गुरुदीक्षा होऊन जे धर्मगुरू झालेत, त्यांनी ‘हे करायला हवं होतं का’ हा प्रश्न पुन्हा निवडीला घेऊ नये. आता त्यात नीट कसं जगायचं, एवढं विचारावं. (घरात मारहाण होत असेल तर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आधी बाहेर पडा, मदत घ्या.)

घर विकण्याबद्दल एक सांगायला हवं. गोव्याच्या नागरी कायद्यात अशा व्यवहाराला जोडीदाराची संमती लागते, वडिलोपार्जित मालमत्तेत बाकीच्या वारसांचा हक्क असतो. ‘मी प्रार्थना केली, मला शांती मिळाली’ हे त्यांच्या सह्यांच्या जागी चालत नाही.

सुरुवात कुठून करायची?

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘माझ्या आयुष्याचं काय होणार?’ हा प्रश्न प्रार्थनेला जड जातो, कारण त्याला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. ‘या जहाज कंपनीचा नऊ महिन्यांचा करार स्वीकारावा, की वेर्ण्यातली नोकरी धरून राहावं?’ हा चालतो. दोन्ही पर्याय खरोखर हातात असले पाहिजेत. ऑफर अजून आलीच नसेल, तर निर्णयही अजून तुमच्यापुढे आलेला नाही. एका वेळी एकच प्रश्न घ्या. नोकरी, लग्न आणि घर अशी तिन्ही गाठोडी एकदम घेऊन बसलं की एकही सुटत नाही.

माझं मन आधीच एका बाजूला आहे. तरी विचारू का?

विचारा, पण आधी ते कबूल करा. बहुतेक प्रार्थना अडतात त्या इथेच. तोंडाने ‘तुझी इच्छा’ म्हणायचं आणि मनात ‘फक्त दुबई’ असं असलं, की मग प्रत्येक वचन दुबईकडेच बोट दाखवायला लागतं. गेथशेमानेच्या बागेत येशूने आपली इच्छा लपवली नाही. प्याला टळावा असं त्याने पित्याला सरळ सांगितलं, मग पित्याच्या इच्छेपुढे ती ठेवली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे हीच प्रार्थना तीनदा केली. एकदा म्हणून भागलं नाही, हे ध्यानात घ्यावं.

स्वतःला तपासायला साधी चाचणी आहे. डोळे मिटून नेमकं नको असलेलं उत्तर आलंय अशी कल्पना करा: नोकरी नाकारायची, गावातच राहायचं. लगेच कशाची भीती वाटते? पगार गेल्याची, लोक हसतील याची, की सासरच्यांना काय सांगू याची? ज्याची भीती वाटते, मन तिथे बांधलेलं असतं. अशा वेळी इग्नेशियस उलट्या बाजूसाठी मागायला सांगतात: ‘देवा, तुला आवडत असेल तर मला गावातच ठेव.’ हे म्हणणं जड जातं. पहिले काही दिवस ते खोटंही वाटतं. तरी रोज म्हणत राहा. हळूहळू मन दोन्ही उत्तरांना मोकळं होतं, आणि ते झाल्याशिवाय फायदे-तोटे तोलायला बसण्यात अर्थ नाही. वजन आपण आधीच एका पारड्यात टाकलेलं असतं. काहींचं मन आठवड्यात मोकळं होतं, काहींना महिने लागतात. ज्यांना या पायरीवर थांबावं लागतं त्यांनी निराश होऊ नये, कारण मुख्य काम इथेच होतं.

रोज किती वेळ आणि काय करायचं?

नव्याने सुरू करणाऱ्यांनी सकाळी अर्धा तास आणि रात्री दहा मिनिटं धरावीत. सकाळच्या अर्ध्या तासात पहिली पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं आणि आपण देवापुढे आहोत याचं भान आणायचं. मग पवित्र शास्त्रातला एक छोटा उतारा दोनदा सावकाश वाचायचा. पंधरा-एक मिनिटं त्या प्रसंगात राहायचं: कोण बोलतंय, कोण गप्प आहे, येशू माझ्याकडे पाहून काय विचारतोय. शेवटी आपला प्रश्न स्वतःच्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवायचा आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून उठायचं.

उतारे कुठले? १ शमुवेल ३ (हाक आली तरी मुलाला ती कोणाची हे कळत नाही, म्हातारा एली ती ओळखून देतो), १ राजे १९, मार्क १०:४६-५२, लूक १:२६-३८, स्तोत्र १३०. एक उतारा तीन दिवस तरी धरा. रोज नवा उतारा घेतला की वाचन वाढतं आणि थांबणं कमी होतं.

रात्रीच्या दहा मिनिटांत दिवस मागे फिरून पाहायचा. आधी उपकार आठवायचे, प्रकाश मागायचा, तास-तासाने दिवस पाहायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा. अंथरुणात पडून हे करू नका, झोप लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, नुसता सायलेंटवर ठेवून भागत नाही. आणि अर्धा तास फक्त आपल्याच प्रश्नावर बोलण्यात घालवू नका. मग ती प्रार्थना न राहता काळजीच होते.

वहीत काय लिहायचं?

प्रार्थना झाल्यावर पाच-दहा मिनिटांत चार गोष्टी लिहायच्या: तारीख, उतारा, कुठल्या शब्दावर मन थांबलं, आणि बसताना व उठताना मन कसं होतं. उदाहरणार्थ: ‘मार्क १०. “मी तुझ्यासाठी काय करावं?” इथे अडकले. बसताना घाई. उठताना जरा हलकं. बोटीचा विचार आला तेव्हा छाती दडपली, दुपारी ते गेलं.’ एवढं पुरे. निर्णय लिहायचा नाही. दोन आठवड्यांनी सगळं सलग वाचायचं. एका दिवसाचा उमाळा काहीच सांगत नाही, पण चौदा नोंदींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. रोजचं रोज मागचं वाचायचं मात्र टाळा. मग माणूस कालच्यासारखंच लिहायला लागतो.

मनातली शांती देवाकडची आहे हे कसं ओळखायचं?

हे इग्नेशियस यांना कळलं ते आजारपणात. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या घरी ते महिनोन्‌महिने पडून राहिले. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. पडल्या पडल्या ते कधी एका सरदार स्त्रीची सेवा करण्याची स्वप्नं रंगवत, कधी अनवाणी यरुशलेमला जाण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. फरक मागाहून पडे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि नाराज होई, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही.

म्हणून विचार मनात आला त्या क्षणी काय वाटलं यापेक्षा, तीन-चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी काय उरलं ते पाहा. देवाकडे चाललेल्या माणसाला चांगली प्रेरणा कशी स्पर्श करते, त्यासाठी इग्नेशियस यांनी दाखला दिलाय: स्पंजात पाण्याचा थेंब शिरावा तशी ती हळुवार शिरते; वाईट प्रेरणा दगडावर थेंब आपटावा तशी आवाज करते, अस्वस्थ करते. घाई, ‘आत्ताच केलं नाही तर संपलं’ अशी ओढ, आणि ‘हे कोणाला सांगू नको’ असा आतला आग्रह, या तिन्हींपासून सावध राहा.

सुटकेचा श्वास आणि शांती यांत मात्र बरेच जण फसतात. अवघड काम नाकारायचं ठरवलं की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणं दोन दिवसांत ओसरतं आणि मागे चुटपुट राहते. शांतीत अवघड गोष्ट अवघडच दिसते, पण तिच्याकडे जायचं बळ येतं. आणि शांती खरी असली, तरी तिच्या भरात मागाहून आपण ज्या योजना आखतो त्या आपल्या असतात. त्या वेगळ्या तपासायच्या.

प्रार्थना अगदी कोरडी झाली आहे. निर्णय बदलू का?

नाही. मन ओसाड असताना आधी केलेला निर्धार बदलायचा नाही, हा इग्नेशियस यांचा सर्वांत उपयोगी नियम आहे. अशा दिवसांत प्रार्थना कमी करावीशी वाटते. ते उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायला सांगतात. अर्धा तास ठरलाय तर बत्तीस-पस्तीस मिनिटं बसा.

कारण शोधा. कधी आपलाच आळस असतो, कधी ती परीक्षा असते, कधी शांती ही आपली कमाई नसून देणगी आहे हे शिकण्यासाठी ती काढून घेतलेली असते. आणि कधी माणूस नुसता थकलेला असतो. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. देवाची मंद वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोपावं.

झोप उडाली आहे, आवाज ऐकू येतात, जगावंसं वाटत नाही. ही देवाची हाक असू शकते का?

यासाठी वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. बांबोळीला इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्युमन बिहेवियर आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. या काळात मोठे निर्णय पुढे ढकलावेत आणि लांब मौनाचं रिट्रीट घेऊ नये.

देवळात कौल लावतात तशा चिठ्ठ्या टाकून किंवा बायबल उघडून पान बघून विचारलं तर?

शेजाऱ्यांच्या देवळातल्या कौलाला त्यांच्या श्रद्धेत त्याचं स्थान आहे, त्यावर आपण बोलायचं कारण नाही. ख्रिस्ती माणसाने मात्र अल्तारावर चिठ्ठ्या ठेवू नयेत. मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली हे खरं, पण ती पवित्र आत्मा येण्याआधीची. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या अध्याय १५ मध्ये मोठा वाद आला तेव्हा प्रेषितांनी चर्चा केली, ऐकून घेतलं आणि ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं’ असा निर्णय कळवला. गिदोनाची लोकर सगळ्यांना आठवते: रात्री ठेवलेल्या लोकरीवरच दव पडावं, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. पण देवाने काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलं होतं. लोकर त्याच्या भीतीसाठी होती.

मग संत ऑगस्टीन यांनी ३८६ साली मिलानच्या बागेत पान उघडून वाचलं, ते? त्यांच्या मागे कित्येक वर्षांची झुंज होती, आणि जे वाचलं ते रोमकरांस पत्रातलं पवित्र जीवनाचं आवाहन होतं, ‘हो’ की ‘नाही’चा कौल नव्हता. इग्नेशियस यांनीही १५२२ मध्ये एकदा फाट्यावर लगाम सैल सोडून कुठल्या रस्त्याने जायचं ते खेचरावर सोपवलं होतं. एका मुसलमान प्रवाशाने मारिया मातेबद्दल काढलेल्या शब्दांवरून त्याच्या मागे जाऊन त्याला भोसकावं का, असा त्यांचा प्रश्न होता! खेचर दुसऱ्या रस्त्याने गेलं. पुढे त्यांनी सगळ्यांना शिकवलं ते मात्र सावकाश पारखण्याचं शास्त्र.

‘उद्या पाऊस पडला तर हो’ अशा अटी घातल्या की पहिला दिवस मनासारखा गेला नाही म्हणून दुसरी अट येते, मग तिसरी. हे थांबवायला हवं.

किती दिवस थांबायचं?

एकच आकडा नाही. नोवेना नऊ दिवसांची असते, पण दहाव्या दिवशी उत्तर देणं देवावर बंधनकारक नाही. बाणावलीचे संत जुझे वाझ १६८१ साली सिलोनला जायला तयार होते. धर्मप्रांताने त्यांना कानडा प्रांतात (आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर) पाठवलं. ते गेले, तिथे तीन वर्षं मन लावून काम केलं, परत येऊन १६८५ मध्ये ओरेटरी या धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले आणि १६८७ मध्ये अखेर सिलोनला पोचले. मधल्या वर्षांत त्यांनी सांगितलेलं काम टाकलं नाही की पळून गेले नाहीत. उलट शौल राजाने गिलगालात सात दिवस वाट पाहिली, शमुवेल संदेष्टा आला नाही, सैनिक पांगू लागले म्हणून होमबली स्वतःच अर्पण केला आणि राज्य गमावलं.

साध्या निर्णयाला दोन ते चार आठवडे आणि आयुष्यभराच्या निर्णयाला निदान काही महिने द्यावेत, असं आमचं मत. मुदत आधी ठरवा आणि मार्गदर्शकाला सांगा. नाहीतर ‘प्रार्थना करतोय’ ही पळवाट होते आणि समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत ताटकळतो, विशेषतः स्थळाच्या बाबतीत.

कंपनीने शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय. तेवढ्यात काय करणार?

आधी मुदत वाढवून मागा, पुष्कळदा मिळते. नाही मिळाली तर पहिल्या दिवशी मन मोकळं करण्याची प्रार्थना. दुसऱ्या दिवशी कागदावर चार रकाने: घेतल्याचे फायदे, घेतल्याचे तोटे, न घेतल्याचे फायदे, न घेतल्याचे तोटे. चारही भरा. ‘न घेतल्याचे’ दोन रकाने लोक गाळतात, आणि खरं कारण बरेचदा तिथेच निघतं. कारणं मोजू नका, वजन पाहा. मग तीन प्रश्न विचारा: अगदी अनोळखी माणूस याच स्थितीत आला तर त्याला मी काय सांगेन? मरणाच्या वेळी मला काय ठरवलेलं आवडेल? न्यायाच्या दिवशी? तिसऱ्या दिवशी तात्पुरता निर्णय करून तो प्रार्थनेत अर्पण करा आणि एक रात्र जाऊ द्या.

गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर, यांना इतकेही दिवस मिळाले नव्हते. भारतासाठी निवड झाली होती इग्नेशियस यांचे दुसरे सोबती बोबादिला यांची. ते आजारी पडले, म्हणून मार्च १५४० मध्ये इग्नेशियस यांनी झेवियर यांना विचारलं आणि ते लगोलग निघाले. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले. मन आधीच मोकळं असलं की छोटी मुदतही पुरते.

सल्ला कोणाचा घ्यावा?

जो ऐकून घेतो, ज्याचा निकालात फायदा नाही आणि जो तुमच्या वतीने ठरवत नाही, त्याचा. इग्नेशियस तर रिट्रीट देणाऱ्यालाही सांगतात की साधकाला कुठल्याही बाजूला ढकलू नको. फादरांना कुमसाराच्या (पापकबुलीच्या) रांगेत हे विचारू नका. मागे माणसं उभी असतात. वेगळी वेळ मागा आणि वही घेऊन जा. पासपोर्टच्या एजंटाला, स्थळ आणणाऱ्या मावशीला माहिती विचारा, देवाची इच्छा विचारू नका.

‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय, याच्याशीच लग्न कर’ असं कोणी म्हणालं, किंवा प्रार्थनेसाठी पैसे मागितले, तर तिथून उठावं. देवाने तुमच्या आयुष्याबद्दल बोलायचं ठरवलं तर तो तुम्हाला वगळून बोलत नाही. पौल स्पष्ट सांगतो: सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा. अशा भाकितांवर तरुण मुलींची लग्नं लावली जातात, हे आम्हाला मान्य नाही.

नवरा-बायकोचं एकमत होत नाही. कोणाचं ऐकायचं?

१५३९ साली रोममध्ये इग्नेशियस आणि त्यांचे सोबती आपल्यातल्याच एकाची आज्ञा मानण्याचं व्रत घ्यावं का, यावर बसले. प्रत्येकाने आधी एकट्याने प्रार्थना करायची, दुसऱ्याचं मत वळवायचं नाही. मग एके दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधाची कारणं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फक्त बाजूची. घरात हे नेमकं करता येतं. सोमवारी दोघांनीही ‘का जाऊ नये’ एवढंच बोलायचं, मंगळवारी दोघांनीही ‘का जावं’. जाण्यासाठी हटून बसलेल्या नवऱ्याला तोटे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले की भांडणाची धार जाते. एकमत झालं नाही आणि थांबणं शक्य असेल तर थांबा.

उपास करावा का?

चालेल, पण एका जेवणाचा, पाणी पीत. मधुमेह असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील तर जेवण सोडू नका. मोबाइल किंवा टीव्ही सोडा. उपाशी पोटी चिडचिड होते, त्या चिडचिडीत निर्णय करू नका.

गोव्यात शांत जागा कुठे?

आपल्या वाड्यावरचं कोपेल (छोटं प्रार्थनामंदिर) सर्वांत चांगलं. बरीच दिवसभर बंद असतात, किल्ली कोणाकडे ते विचारून ठेवा. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाऊन मागे बसता येतं. पुढे पर्यटकांची वर्दळ सुरू होते. झेवियर यांच्या नोवेनाच्या दिवसांत, २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत), तिथे एकांताची अपेक्षा ठेवू नका. बागा इथे येशूसंघीयांचं रिट्रीट हाउस आहे. आधी फोन करून विचारा की रिट्रीट प्रवचनांचं आहे की एकेकट्याला मार्गदर्शन मिळणारं. निर्णयासाठी एकेकट्याला मार्गदर्शन मिळणारं हवं.

मिस्सा कोकणीत, घरात मराठी. प्रार्थना कुठल्या भाषेत करावी?

रडू ज्या भाषेत येतं त्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. मराठी इथल्या ख्रिस्ती प्रार्थनेत जुनीच आहे.

आम्ही कॅथलिक नाही. हे आम्हाला चालेल का?

शास्त्रवाचन, वही, रकाने, पारख हे सगळं चालेल. फादरांच्या जागी आपल्या पाळकांशी किंवा मंडळीतल्या परिपक्व माणसाशी बोला.

सगळं केलं, तरी उत्तर आलं नाही तर?

तर बुद्धी वापरून ठरवा. देव कधी संशयाला जागाच न ठेवता ओढून घेतो, कधी मनाच्या चढउतारांतून दाखवतो, आणि कधी मन शांत ठेवून तोलायचं काम आपल्यावर सोपवतो. इग्नेशियस या तिन्हींना निवडीची खरी वेळ मानतात. तिसरी वाट कमी प्रतीची नाही. सामान्य माणसाचे बहुतेक निर्णय तिनेच होतात.

निर्णय घेतला आणि लगेच अडचणी आल्या. चुकलं का?

अडचण आली एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पौलाला आसियात वचन सांगायची मनाई झाली, बिथुनियातही जाता आलं नाही, मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला आणि सोबत्यांनी मिळून अर्थ लावला की तिकडे जायचं. ते फिलिप्पैला पोचले. तिथे फटके खाल्ले, पाय खोड्यात अडकवले गेले. पौलाने त्यावरून दृष्टान्त खोटा ठरवला नाही.

निर्णय कशावरून घेतला ती कारणं तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि शंका आली की आधी ते पान वाचा. कारणं अजून खरी असतील तर पुढे चला. एखादं मूळ कारणच बदललं असेल, जसं की कंपनी बुडाली किंवा आई आजारी पडली, तर तो नवा प्रश्न आहे. पुन्हा एका वाक्यात लिहा आणि सुरुवातीपासून बसा.